शब्दविचार : आश्रय

जुन्या मासिकांतील जाहिराती चाळल्या, तर अखेरीस ‘एकवार आश्रय देऊन खात्री करावी’ अशी विनंती हटकून आढळते. गिऱ्हाइकांच्या ज्या खरेदीवर दुकान चालते, तिलाच येथे ‘आश्रय’ म्हटले आहे.

शब्द ‘श्रि’ धातूपासून झाला. धातुपाठ त्यास सेवेचा अर्थ देतो. व्यवहारात टेकणे, अवलंबून राहणे हा भाव. ज्यावर टेकावे तो आश्रय, टेकणारा तो आश्रित. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस पहिले नाटक केले ते श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या राजाश्रयाने. श्रीमंत १८५१ साली निवर्तले; पुढे १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. दरबारचा ‘आश्रयदाता’ हा मान अशा रीतीने तिकीट काढणाऱ्याकडे आला. दुकानदारांनी तो तेथूनच उचलला असावा, असा आपला माझा तर्क!

आमच्या नागपुरातील एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून जमशेटजी टाटांनी हे नाव योजिले. नाव सम्राज्ञीचे खरे; पण गिरणीची धोतरजोडी घ्यावयास सम्राज्ञी थोडीच येणार होती!

येथवर ठीक. परंतु हाच शब्द गृहस्थाच्या तोंडी आला की त्यात ऐट शिरते. “त्या वाण्यास आमच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा आश्रय आहे,” असे वडीलधारी मंडळी सांगतात, आणि त्याच वाण्याच्या वहीत घराण्याची तीन महिन्यांची उधारी असते. पंधरा माणसांचे डाळ-तांदूळ त्याच्या भांडवलावर शिजतात, तो मागावयास आला, तर म्हणावयाचे, “आमच्यावर पोट भरतो, आणि वर तगादा!” आता व्युत्पत्तीनेच पाहावे, कोण कोणावर टेकले आहे? आश्रित आपण, आश्रय तो.

खरा आश्रय निराळा. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याच्या हाती मोबदल्यात काही पडावयाचे नव्हते. तेथे हा शब्द शोभतो. दाम मोजून जिन्नस घेणे हा सौदा. त्यास ‘ग्राहका’पासून आलेली ‘गिऱ्हाईकी’ पुरे. वाण्याची वही पहिल्या तारखेस मिटवावी. मग त्याने सौजन्याने आपणास आश्रयदाते म्हटले, तर म्हणू द्यावे. आपण म्हणू नये.