कोठारे भरलेली, ताट रिकामे

25 मार्च 2020 रोजी कोरोनाच्या साथीमुळे देश बंद झाला तेव्हा सरकारी गोदामांत धान्याची टंचाई नव्हती. राखीव साठ्याच्या निकषाच्या तिपटीहून अधिक गहू-तांदूळ पडून होता. तरीही धारावीत, भिवंडीत माणसे उपाशी राहिली. कारण साधे होते. शिधापत्रिका बिहारमधल्या गावी आणि पोट मुंबईत. मोफत पाच किलो धान्याची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली, पण ती रेशन यादीत नाव असणाऱ्यांसाठी. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी योजना जाहीर व्हायला मे महिन्याचा मध्य उजाडला. तोवर अनेक लोक पायी निघालेही होते.

दुसरीकडे नाशिकची द्राक्षे मळ्यातच राहिली आणि संसर्ग पसरला म्हणून वाशीची बाजार समिती काही दिवस बंद ठेवावी लागली. एका मोठ्या बाजारावर अख्ख्या महानगराची भाजी अवलंबून ठेवणे किती धोक्याचे, हे तेव्हा कळले. राज्य सरकारची पाच रुपयांची शिवभोजन थाळी त्या काळात उपयोगी पडली, कारण ती यंत्रणा साथीच्या आधीच उभी होती. नेमके हेच महत्त्वाचे.

'एक देश, एक शिधापत्रिका' आता लागू आहे. पण लाभार्थ्यांचा कोटा अजून 2011च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांची नावे यादीत घेण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहायची आहे काय? प्रत्येक महापालिकेने सामूहिक स्वयंपाकघरांच्या जागा, गॅसची सोय आणि पर्यायी भाजीबाजारांची मैदाने आजच ठरवून ठेवावीत.