जमाखर्च आणि सचोटी

हिशेबशास्त्र म्हणजे निव्वळ बेरीज-वजाबाकी, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालापासून वाणिज्य शिकवीत आहे. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी प्रत्येक व्यवहार एकदा नावे व एकदा जमा लिहावयास शिकतो. दोन्ही बाजू जुळल्या की त्याला समाधान वाटते. परंतु खोट्या पावतीनेही बेरीज जुळते! म्हणूनच त्याला लेखापरीक्षणही शिकावे लागते. पतपेढीत पै-पै साठविणारा कष्टकरी तिच्या वह्या तपासू शकत नाही. तो लेखापरीक्षकाच्या सहीवर विसंबतो. त्या सहीने असत्य झाकले, तर त्याच्या म्हातारपणाचा आधार जातो. सनदी लेखापालांच्या व्यवसायाचे नियमन करण्यासाठी १९४९ साली भारतात कायदा झाला. तथापि कायदा धैर्य देत नाही. यास्तव या व्यवसायाकडे वळणाऱ्या तरुणाने पदवीबरोबर खरे तेच लिहिण्याचे धैर्यही अंगी बाणवावे.