दुसऱ्या जिन्यावरची पाटी

बँकेतून निवृत्त झाल्यानंतर एका शिक्षणसंस्थेचे कोषाध्यक्षपद माझ्याकडे आले. हिशेब पाहणे हे जन्मभराचे काम, म्हणून ते मी आनंदाने स्वीकारले. गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी विश्वस्त मंडळापुढे एक मागणी ठेवली. शेजारशेजारच्या दोन वर्गांमधील भिंत काढून एक प्रशस्त दालन करावे. मुलांनी ओळीने बाकांवर बसून फळ्याकडे पाहण्याऐवजी तेथे गटागटाने बसावे, प्रयोग करावेत, नाटुकले बसवावे, कोपऱ्यात बसून वाचावे. मागणी रास्त होती. आपल्या समाजातील एका उदार कुटुंबाने खर्च उचलण्याची तयारी दाखवली. ठराव झाला, आणि धनादेशावर माझी सही तेवढी उरली.

त्याच सुमारास पाहणीसाठी आलेल्या अभियंत्यांनी त्या भिंतीवर हात ठेवून विचारले, “वरच्या मजल्याचा भार कशावर आहे?” आम्ही विश्वस्त एकमेकांकडे पाहू लागलो. इमारत जुनी, तिला खांब आणि तुळयांचा सांगाडा नाही, भार भिंतीच वाहतात. जी भिंत आम्ही काढायला निघालो होतो, तिच्यावर वरचे दोन वर्ग, म्हणजे ऐंशी-नव्वद मुले बसत होती.

नोकरीत हजारो सह्या केल्या. त्या सर्वांपेक्षा ही न केलेली सही मला अधिक मोलाची वाटते. त्यानंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण आपल्यापैकी अनेक कुटुंबे कोणत्या ना कोणत्या शाळेची विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत, किंवा निदान एखाद्या क्लासची घरमालक आहेत.

प्रथम हे मान्य करू, की शिकण्याची पद्धत बदलते आहे आणि तिने बदललेच पाहिजे. आपल्या महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात नेली. आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी ती कल्पना उचलली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तेव्हा शिकवणे चार भिंतींत अडकू नये, हे सोलापूरकरांना पटवून देण्याची गरज नाही.

प्रश्न एवढाच उरतो, की इमारतीतील कोणती गोष्ट हलवावी आणि कोणती मुळीच हलवू नये. व्यापारी माणसाला हा भेद चटकन कळावा. दुकानाच्या ताळेबंदात स्थिर भांडवल वेगळे आणि खेळते भांडवल वेगळे. खेळते भांडवल फिरलेच पाहिजे, त्याविना धंदा नाही. परंतु स्थिर भांडवल मोडून जो रोजचा खर्च भागवतो, त्याच्या पेढीची अखेर ठरलेली असते. शाळेच्या इमारतीचेही तसेच आहे. बाके, फळे, कपाटे, घडीचे पडदे, सरकते हलके पडदे आणि भार नसलेल्या आडभिंती हे खेळते भांडवल; ते हवे तसे फिरवावे. खांब, तुळया, भार वाहणाऱ्या भिंती, जिने, वऱ्हांडे आणि बाहेर पडण्याची दारे हे स्थिर भांडवल. त्याला हात लावताना शंभर वेळा विचार करावा, आणि अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय तर लावूच नये.

ही सावधगिरी आपल्या भागात अनाठायी नाही. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ज्या खात्यावर कसलीच जोखीम नोंदलेली नव्हती तेच खाते बुडाले. २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशावरून काढून टाकण्यात आला.

पहाटेची वेळ असल्याने किल्लारी परिसरातील शाळा रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तो सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी. प्रजासत्ताक दिनामुळे वर्ग भरलेले नव्हते. परंतु अंजार येथे मुलांची मिरवणूक अरुंद गल्लीतून जात होती. दोन्ही बाजूंच्या इमारती पडल्या आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक दगावले. चीनमधील सिचुआन प्रांतात १२ मे २००८ रोजी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी धरणी हादरली, तेव्हा शाळा भरलेल्या होत्या. तेथे पाच हजारांहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले. या तीन वेळा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या, की एक गोष्ट स्पष्ट होते. किल्लारीच्या आणि कच्छच्या वर्गखोल्यांतील मुलांना इमारतीने नव्हे, घड्याळाने वाचवले. घड्याळावर विसंबून कोणी शाळा बांधू नये. म्हणूनच भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात शाळेला रुग्णालयाच्या पंक्तीत बसवले आहे. सामान्य इमारतीसाठी जो भूकंपाचा भार धरतात, त्याच्या दीडपट भार शाळेसाठी धरावा लागतो.

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले आणि कच्छच्या भूकंपानंतर ३६८ शाळा उभारून दिल्या, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पडलेल्या शाळा उभारण्यात आपला समाज मागे राहिला नाही. उभ्या असलेल्या शाळा पडू नयेत, यासाठीही तीच तत्परता हवी.

दुसरा धोका आगीचा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेत स्वयंपाकघरातील ठिणगीने गवताचे छप्पर पेटले आणि ९४ मुले गेली. बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. तरीही २४ मे २०१९ रोजी सुरतमध्ये एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील क्लासला आग लागली आणि २२ विद्यार्थी प्राणास मुकले. जीव वाचवण्यासाठी मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, ती दृश्ये आपण सर्वांनी पाहिली आहेत.

सुरतचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. खाली दुकान, मधे गोदाम आणि वर भाड्याने दिलेला क्लास, अशी रचना आपल्याही बाजारपेठांत सर्रास दिसते. गोदामात चादरी, टॉवेल, सूत, प्लास्टिक किंवा पुठ्ठा असतो. हे सारे पाहता पाहता पेट घेणारे. सणासुदीत माल वाढला, की चार गठ्ठे जिन्याच्या वळणावर ठेवले जातात. ‘दोन दिवसांचा प्रश्न आहे’ असे म्हणतात. घरमालक म्हणून आपण भाडे घेतो, तेव्हा त्या जिन्याची जबाबदारीही घेतो. हेतुपुरस्सर कोणाला दुखवावे असे आपल्या मनातही येत नाही. परंतु प्रमाद, म्हणजे बेसावधपणाही हिंसेचे कारण ठरतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

येथे आणखी एक पेच आहे. मुलांच्या काळजीपोटी पालक म्हणतात, फाटक बंद ठेवा, खिडक्यांना गज लावा, एकच प्रवेशद्वार ठेवा. बाहेरच्या माणसापासून संरक्षण हवेच. आमच्या शाखेतही चॅनेल गेटला साखळी लावून एका वेळी एकच माणूस आत येईल अशी व्यवस्था असे. परंतु बँकेत आम्ही रोकड सांभाळत होतो. आग लागली असती तर रोकड धावत बाहेर येणार नव्हती. शाळेतील मुलांना धावत बाहेर यावे लागते. म्हणून आत येण्याची वाट एकच असली आणि तिच्यावर पहारा असला तरी चालेल. बाहेर पडण्याच्या वाटा मात्र किमान दोन हव्यात, त्या एकमेकींपासून दूर हव्यात, आणि शाळा भरलेली असताना त्यांना कुलूप नको. अशी दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत आणि शाळेचा जिना किमान दीड मीटर रुंद असावा, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. घाबरलेली गर्दी दारावर रेटते, तेव्हा आत ओढून उघडण्याचे दार उघडतच नाही.

मोकळेपणा आणि सुरक्षितता एकमेकांच्या वैरिणी आहेत, असे मात्र मुळीच नाही. जपानमध्ये टोकियोजवळ ताचिकावा येथे २००७ मध्ये फुजी बालवाडीची इमारत उभी राहिली. ती लंबवर्तुळाकार आहे. वर्गावर्गांमध्ये पक्क्या भिंती नाहीत, हलके सामान मांडून वर्ग पाडतात. आणि सगळे वर्ग सरकत्या दारांनी थेट मधल्या अंगणात उघडतात. जपानसारख्या भूकंपाच्या देशातील ही रचना आहे. तेथे भिंती मोकळ्या, पण सांगाडा पक्का. आणि अंगण दोन पावलांवर, त्यामुळे जो वर्ग शिकण्यास मोकळा तोच निसटण्यासही सोपा. आपल्या जुन्या वाड्यांतही चौक, ओसरी आणि पडवी असे. लहान मुलांचे वर्ग तळमजल्यावर घेऊन ओसरीत आणि अंगणात उघडले, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात वाराही मिळतो आणि वाटही मिळते.

म्हणून विश्वस्तांनी कोणत्याही बदलाला मंजुरी देण्यापूर्वी काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. ही भिंत भार वाहते काय? दोन वर्ग एकत्र केल्यावर दालनात मुले किती बसतील, आणि तेवढ्यांसाठी दारे पुरेशी आहेत काय? नवे सामान, पडदे, फोमच्या गाद्या सहज पेट घेणाऱ्या आहेत काय? भिंतीलगतची उंच कपाटे भिंतीला घट्ट बसवली आहेत काय? विजेचा भार वाढला, तर वायरिंग बदलली काय? आणि शेवटचा प्रश्न: इमारत रिकामी करण्याचा सराव या वर्षी झाला काय, आणि त्याला किती मिनिटे लागली? पाठशाळा आणि सुटीतील संस्कार शिबिरे जेथे भरतात, त्या सभागृहांनाही हेच प्रश्न लागू आहेत.

आता थोडे देणगीविषयी. सोलापूरच्या मुलांना हरिभाई देवकरण आणि वालचंद ही नावे आधी शाळा-महाविद्यालयांची म्हणून कळतात आणि मग व्यापाऱ्यांची म्हणून. ही आपली थोर परंपरा आहे. परंतु इतक्या वर्षांत मी सभागृहावर, ग्रंथालयावर, प्रवेशद्वारावर, पाण्याच्या टाकीवरही देणगीदाराचे नाव पाहिले. दुसऱ्या जिन्यावर कोणाचे नाव कधी पाहिले नाही. पाया भक्कम करण्यासाठी किंवा जुन्या भिंतींच्या मजबुतीसाठी कोणी देणगी देत नाही, कारण ती दिसत नाही. दिसणारी आणि न दिसणारी ही दोन्ही कामे एकाच हिशेबात धरावीत. दालनासाठी देणगी घेताना त्याच्या सुरक्षिततेचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा, असा नियम प्रत्येक संस्थेने करावा, ही माझी विनंती आहे.

आमच्या शाळेचे काय झाले, ते सांगून थांबतो. मुख्याध्यापिकाबाई नाराज झाल्या. यंदा सातवीत असलेल्या मुलांना ते दालन मिळणार नाही, ही त्यांची खंत खरी आहे. मी देणगीदार कुटुंबाकडे पुन्हा गेलो आणि सर्व हकीकत सांगितली. तळमजल्यावर, अंगणाच्या बाजूस, खांबांच्या सांगाड्यावर नवे दालन पुढील वर्षी बांधू. त्याआधी जुन्या इमारतीला दुसरा जिना जोडू, असा प्रस्ताव ठेवला. घरातील वडीलधारे थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “भाऊ, आधीच्या रकमेत जिना होतो का?” मी सांगितले, होतो. “मग आधी जिनाच करा.”

जिन्याचे काम सुरू झाले आहे. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही. ती पहिल्या पायरीशी लावावी, असा ठराव मी पुढील सभेत मांडणार आहे.