संग्रहालय कोणाची साक्ष देते?

स्थानिक इतिहासाचे संग्रहालय म्हणजे मृत वस्तूंचे कोठार; ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी त्यात वेळ न दवडता घर आणि भाकरी मागावी, असा युक्तिवाद आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी करीत असतात. हा युक्तिवाद दिसावयास व्यवहारी आहे; परंतु तो अन्याय करणाराच्याच सोयीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. केपटाऊन शहरातील डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय हे त्याचे रोकडे उत्तर होय.

डिस्ट्रिक्ट सिक्स ही त्या शहरातील श्रमिकांची, कारागिरांची, मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांची संमिश्र वस्ती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने ती केवळ गोऱ्यांची म्हणून जाहीर केली. वस्ती गलिच्छ आहे, तेथे गुन्हेगारी व अनाचार माजला आहे, अशी कारणे देण्यात आली. घर पाडावयाचे तर आधी घरातल्या माणसाची अब्रू घ्यावी लागते. ही रीत आपणांस अपरिचित नाही. साठ हजारांहून अधिक माणसे शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या रेताड मैदानात नेऊन टाकली गेली. घरे जमीनदोस्त झाली; प्रार्थनास्थळे तेवढी उभी राहिली.

डिसेंबर १९९४ मध्ये एका जुन्या मेथॉडिस्ट चर्चच्या इमारतीत हे संग्रहालय उघडले. तेथे राजमुकुट नाही, तलवार नाही. जमिनीवर पुसलेल्या वस्तीचा भला मोठा नकाशा अंथरलेला आहे आणि आपले घर जेथे होते तेथे जुन्या रहिवाशांनी स्वहस्ते नावे लिहिली आहेत. पाडकामावरील एका अधिकाऱ्याने जपून ठेवलेल्या रस्त्यांच्या पाट्या तेथे टांगल्या आहेत. लांबच लांब कापडावर लोकांनी लिहिलेल्या आठवणी मागाहून दोऱ्याने भरून पक्क्या केल्या आहेत. आणि पाहुण्यांस हे सारे समजावून सांगणाऱ्यांत त्याच वस्तीतून हाकललेली माणसे आहेत! पगारी पंडिताने त्यांच्याविषयी बोलावे आणि त्यांनी मुकाट ऐकावे, असा प्रकार तेथे नाही.

आता कायद्याची बाजू पाहा. त्या देशाच्या १९९४ च्या भूमी-हक्क प्रत्यार्पण कायद्याने जमिनीवरील हक्क म्हणजे केवळ मालकी असे मानले नाही. हिरावून घेण्यापूर्वी सलग दहा वर्षांचा उपभोगही त्यात धरला. भाडेकरूंच्या वस्तीला हे कलम म्हणजे प्राणच होता. परंतु दहा वर्षे राहिलो हे सांगणार कोण? ज्याच्या नावे खरेदीखत नाही, त्याचा दस्तऐवज म्हणजे त्याची व शेजाऱ्याची स्मृती. ती विखुरली की दावाही विखुरतो.

संग्रहालयाने घरे बांधली नाहीत, हे खरे. पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांच्या हाती किल्ल्या पडावयास २००४ साल उजाडले, आणि २०१८ मध्येही पुनर्वसनाचा आराखडा सादर करा असे न्यायालयास सरकारला बजवावे लागले. परंतु हा दोष स्मरणाचा की सत्तेचा?

नवदीक्षित कुटुंबांस आमचे सांगणे आहे. धम्म स्वीकारताना आपण जुने देव व जुनी गावकीची कामे टाकली, ते योग्यच केले. त्याच झपाट्यात काही घरांतून वतनाचे कागद, जुनी पत्रे, आजोबांची छायाचित्रेही 'तो अपमानाचा काळ' म्हणून चुलीत जातात. वतने १९५८ च्या कायद्याने गेली. त्या जमिनींचे वाद मात्र न्यायालयांत अजून चालतात, आणि तेथे चुलीतली राख पुरावा म्हणून दाखल होत नाही. पेटी उघडा. छायाचित्रामागे शाईने नावे व साल लिहा. ज्या वृद्धेला वस्तीतील घरांचा क्रम तोंडपाठ आहे, तिच्याकडून या पौर्णिमेस विहारात बसून नकाशा काढून घ्या, आणि त्यावर पहिले नाव तिलाच लिहू द्या. लिहिता येत नसेल तर अंगठा.