दाताच्या डॉक्टरांपासून आजार लपवू नका

कोल्हापूरकरहो,

दात काढायचा म्हणून सकाळपासून पोटात काही नाही, पण शुगरची गोळी मात्र वेळेवर घेतलेली, असे रुग्ण दाताच्या दवाखान्यात येतात. नवरात्रात उपवासाचीही भर पडते. मग साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे भरकटते. शुद्धीवर असलेल्याला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. हिरडीला भूल द्यायची असेल तर उपाशी राहायची गरज नसते. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर जेवूनच या.

खुर्चीत सर्वांत जास्त आढळते ती भोवळ. सुई पाहून चेहरा पांढराफटक पडतो. अशा वेळी आडवे झोपवून पाय उंच करावेत. सोबत आलेल्यांनी कांदा-चप्पल हुंगवू नये, उठवून बसवू नये. बहुतेक जण लवकर सावरतात. जो सावरत नाही, त्याला निव्वळ भोवळ समजणे धोक्याचे.

जबड्याच्या दुखण्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. दात चांगला आहे, पण जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर कमी होतो, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. सोबत छातीत दाब किंवा घाम असेल तर दाताच्या डॉक्टरांची वेळ घेत बसू नका. 108 ला फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. शहरात आपले सीपीआर रुग्णालयही आहे.

माझ्या व्यवसायबंधूंनो, ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन, ॲस्पिरिन आणि साखर हाताशी हवी, औषधांच्या मुदतीची तारीख तपासलेली हवी. इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिन देण्यात एक मिनिटही दवडता येत नाही. श्वास थांबला तर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायचे असते. हे मदतनीस मुलीला आणि नोंदणी करणाऱ्यालाही यायला हवे, कारण डॉक्टर एकटे पुरत नाहीत. दर काही महिन्यांनी सर्वांकडून सराव करून घ्या.

आणि रुग्णांनो, ‘दाताचा आणि बीपीचा काय संबंध?’ असे म्हणू नका. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, फिट, हृदयाच्या रक्तवाहिनीतली स्प्रिंग (स्टेंट), गरोदरपण, पूर्वी एखाद्या औषधाने उठलेली ॲलर्जी, सगळे सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा आणि खुर्चीत बसण्याआधी टेबलावर ठेवा.