तवक्कुल म्हणजे दारात बॅटरी लावून झोपणे नव्हे

मोहल्ल्यात आगीने कुणाचा जीव गेला की दोन वाक्ये ठरलेली असतात. आपले लोक म्हणतात, "अल्लाह की मर्जी." बाहेरचे म्हणतात, "त्या गल्ल्याच तशा." मला दोन्ही वाक्ये सारखीच संतापजनक वाटतात, कारण दोन्हींचा निष्कर्ष एकच आहे: पुढच्या वेळेसाठी काही करायचे नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत स्कूटरची बॅटरी रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा पुढे रुग्णालयात दगावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला खाली ई-स्कूटरची शोरूम आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आठ जण गेले. एप्रिल २०२४ मध्ये औरंगाबादच्या छावणी भागात खाली शिवणकामाचे दुकान पेटले आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. तिथेही चार्जिंगच्या गाडीचा संशय सुरुवातीलाच व्यक्त झाला. कारण काहीही ठरो, रचना पाहा: खाली आग, वर झोपलेली माणसे. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, धारावी इथे आपण असेच राहतो. खाली गाळा, वर पोटमाळा, मध्ये लोखंडी शिडी आणि आता त्या शिडीखाली चार्जिंगला लावलेली गाडी.

लिथियम-आयन बॅटरीची आग रॉकेलच्या आगीसारखी नसते. मार बसला, पाणी गेले, भलताच चार्जर लावला, तर सेल आतून तापत जातो आणि शेजारच्या सेलला पेटवतो. त्यातून ज्वलनशील व विषारी वायू सुटतात. काही मिनिटांत खोली धुराने भरते. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबल्या तरी सेल थंड होत नाहीत, ते पुन्हा पेट घेतात. त्यावर भरपूर पाणी मारावे लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे. घरच्यांनी विझवत बसू नये. सगळ्यांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ ला फोन करावा. पण बाहेर पडण्याच्या वाटेवरच बॅटरी असेल तर पडणार कुठून?

तकदीरचा आधार घेणाऱ्यांना मी एवढेच सांगेन: मदिनेत रात्री एक घर जळाले, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवा, अशी ताकीद दिली. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा, हेही त्यांनीच शिकवले. आज चुलीतला निखारा प्लगमध्ये आला आहे, एवढाच फरक.

"मग गरिबाने गाडी विकायची का?" मुळीच नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणूनच पोरांनी या गाड्या घेतल्या. त्यांच्यावर डिलिव्हरी कंपन्या आपला धंदा चालवतात आणि चार्जिंगचा धोका मात्र त्यांच्या आई-बहिणींच्या खोलीत ठेवून मोकळ्या होतात. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये अशा आगींत १८ जण मेले. त्या वर्षी तिथे प्रमाणपत्र नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि २०२४ मध्ये डिलिव्हरी कामगारांसाठी रस्त्यावर चार्जिंगची सोयही सुरू झाली. तिथल्या कामगारांनी संघटित होऊन आवाज उठवला होता. आपणही उठवू शकतो.

सरकारने डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, हे खरे. पण जुने सेल जोडून गल्लीत बांधलेला पॅक कोण तपासतो? २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. मग फुगलेली बॅटरी आपल्या पोटमाळ्यावर का पडून राहते? महाराष्ट्राचा अग्निसुरक्षा कायदा २००६ चा आहे. आमच्या गाळ्यांपर्यंत तो नोटीस बनून येतो, मदत बनून येत नाही. गल्ली अरुंद असेल तर महापालिकेने तिथे जास्त लक्ष द्यायला हवे. अरुंद गल्ली ही अंग काढून घ्यायची सबब नव्हे.

म्हणून माझे म्हणणे दोन्हीकडे आहे. महापालिकेने मोहल्ल्याबाहेर मोकळ्या जागेत सार्वजनिक चार्जिंग द्यावे, कंपन्यांनी त्याचा खर्च उचलावा. आणि आपण आजपासून जिन्यात, दारात, बिछान्याजवळ चार्जिंग बंद करावे. कंपनीचाच चार्जर वापरावा. सगळे झोपल्यावर प्लग चालू ठेवू नये. फुगलेली, पडलेली, भिजलेली बॅटरी पुन्हा लावू नये. कारखान्याच्या मालकाने कामगारांना चार्जिंगच्या वर झोपवू नये. इमामसाहेबांनी एका जुम्याच्या खुतब्यात हे सांगितले तर शंभर पत्रकांचे काम होईल.

मय्यतीसाठी आपल्याकडे तासाभरात चंदा जमतो. जमातीच्या मोकळ्या जागेत चार्जिंगची एक पत्र्याची शेड उभी करायला त्याहून कमी पैसा लागेल. तो चंदा आधी जमवू या.