प्रश्न एका ताऱ्याचा आहे

छताच्या पंख्यावर विजेच्या वापराचे तारांकित लेबल लावणे 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाले. वातानुकूलन यंत्रे व फ्रॉस्ट-फ्री फ्रिज यांच्यावर ही सक्ती 2010 मध्येच आली होती. कष्टकऱ्याच्या खोलीत वातानुकूलन यंत्र नसते, पंखा असतो. त्याच वस्तूची पाळी तेरा वर्षे मागून यावी, यात राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमाचे वर्गीय स्वरूप पुरेसे उघड होते.

जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो. नव्या, ब्रशविरहित मोटरीच्या पंख्याला 30 ते 35 वॉट पुरतात. रोज 12 तास आणि वर्षाचे 300 दिवस चालणाऱ्या एका पंख्यामागे 40 वॉटांचा हा फरक 144 युनिटांचा होतो. परंतु नवा पंखा दुकानात जवळजवळ दुप्पट किमतीला मिळतो. रोजंदारीवरचा माणूस स्वस्त पंखा घेतो आणि पुढील दहा वर्षे महाग वीजबिल भरतो. त्याला “सुज्ञ ग्राहक” होण्याचा उपदेश करणारी सरकारी जाहिरात ही निव्वळ थट्टा होय.

म्हणूनच पाच ताऱ्यांची चर्चा दुय्यम आहे. एक तारा ही किमान अट आहे. तिच्याखालचा माल कायद्याने विकता येत नाही. ही अट जेवढी खाली, तेवढी गरिबाच्या घरची उधळपट्टी कायदेशीर. ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 च्या 14 व्या कलमाने कमी प्रतीच्या उपकरणांचे उत्पादन व विक्री बंद करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. उणीव अधिकाराची नाही.

एकदा ठरविलेले मानक तंत्र पुढे गेले की निरर्थक होते, त्यामुळे ते ठरावीक काळाने कडक करावेच लागते. वातानुकूलन यंत्रांची श्रेणी जुलै 2022 मध्ये कडक झाली व कालची पाच तारे मिळविणारी यंत्रे चार ताऱ्यांवर आली. मात्र तत्पूर्वी शिल्लक मालाचे कारण पुढे करून कारखानदारांनी मुदत वाढवून घेतली होती. शिल्लक माल त्यांचा, बिल मात्र ग्राहकाचे! जपानने 1990 च्या दशकाच्या अखेरीस बाजारातील सर्वोत्तम उपकरणाची कामगिरी हेच सर्व उत्पादकांचे पुढील लक्ष्य ठरविण्याची पद्धत स्वीकारली. जपान काही समाजवादी देश नाही. तरीही तेथील भांडवलदारांना ते जमले.

किंमत खाली आणण्याचा मार्गही अज्ञात नाही. सार्वजनिक क्षेत्रातील वीज कंपन्यांनी उभारलेल्या ईईएसएलने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली, तेव्हा 2014 मध्ये सुमारे 310 रुपयांना पडणारा दिवा 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. हा “मुक्त बाजारा”चा चमत्कार नव्हता. पंख्यांबाबतही हाच मार्ग व्यापक प्रमाणावर अनुसरला पाहिजे.

लहान कारखान्यांची अडचण मात्र खरी आहे. चाचणीचा खर्च आणि नव्या मोटरीचे इलेक्ट्रॉनिक भाग त्यांना परवडत नाहीत. मानक कडक झाल्यास बडे उत्पादक त्यांना गिळतील व तेथील कामगार रस्त्यावर येतील. यावर उपाय मानक ढिले ठेवण्याचा नाही. सरकारी प्रयोगशाळांत अल्प शुल्कात चाचणी व यंत्रसामग्रीसाठी स्वस्त कर्ज, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी. तिच्याच जोडीला, एका ताऱ्याची मर्यादा पुढील दहा वर्षांत केव्हा व किती वाढणार याचे वेळापत्रक आधीच जाहीर व्हावे आणि दुकानांतून उचललेल्या नमुन्यांच्या चाचण्यांचे निकाल उत्पादकांच्या नावानिशी प्रसिद्ध व्हावेत.